सोलापुरात खाऱ्या टाकीत क्लॅम ठेवायचा आहे? आधी पाणी आणि ऊन, मग जागा

होटगी रोडला राहणाऱ्या एका मित्राने विचारलंय. त्यांची चार फुटी, साधारण ३०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी सुरू होऊन पाच महिने झालेत. वर एलईडी, आत दोन क्लाऊनफिश, एक फ्लेम एंजल मासा आणि थोडे झोआंथिड प्रवाळ. नायट्रेट, म्हणजे माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारा क्षार, शून्य येतंय म्हणून ते खूश आहेत. मुंबईचा एक विक्रेता त्यांना निळाशार, दोन इंची मॅक्सिमा क्लॅम (राक्षसी शिंपल्याची एक जात) देतो म्हणतोय, पण बिल देणार नाही. तो दगडावर ठेवायचा की वाळूत, खायला काय घालायचं आणि आपल्या उन्हाळ्यात तो जगेल का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

सोलापुरात क्लॅम जगतो, चांगला वाढतो. पण हा क्लॅम घेऊ नका आणि आत्ता घेऊ नका. दिवा पुरेल का, ही काळजी सगळेच करतात. आपल्याकडे मात्र शिंपला बहुतेक वेळा दिव्यापायी जात नाही; पाण्याचं तापमान आणि खारटपणा रोज वर-खाली होतो, त्यात जातो. म्हणून जागेबद्दल शेवटी बोलू.

आधी कागदाचं. मॅक्सिमा, स्क्वामोसा आणि हिप्पोपस हे तिन्ही राक्षसी शिंपले २००१ साली वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आले. लक्षद्वीप आणि अंदमानच्या प्रवाळांवर मॅक्सिमा आणि स्क्वामोसा आजही आहेत, आणि तिथून उचललेला शिंपला घरात ठेवणं हा गुन्हा आहे. शिवाय या शिंपल्यांचं, म्हणजे ट्रायडॅक्नाचं, सगळं कुटुंबच सायटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे बाहेरून येणाऱ्या प्रत्येक शिंपल्यामागे निघाल्या देशाचा परवाना लागतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर सायटीसमधल्या जिवंत प्राण्यांची नोंदणीही आपल्या कायद्यात आली. जो माणूस साधं बिल देत नाही, त्याच्याकडे यातलं काहीच नसणार. हा प्राणी समुद्रातून इतका उपसला गेलाय की कित्येक किनाऱ्यांवरून तो नाहीसा झाला. आपल्या हौसेपायी त्यात भर पडू नये, असं मला मनापासून वाटतं.

घ्यायचाच असेल तर शेतीत वाढवलेला, आयातीची कागदपत्रं असलेला डेरासा या जातीचा शिंपला घ्या. पलाऊसारख्या बेटांवर या शिंपल्यांची रीतसर पैदास होते. पैसे देण्याआधी कागदांच्या प्रती मागवा आणि नोंदणीचं वनविभागाच्या कार्यालयात जाऊन विचारून घ्या. डेरासा मॅक्सिमाइतका झगमगीत निळा नसतो. सोनेरी-तपकिरी अंगावर निळ्या-हिरव्या रेघा असतात आणि कवच गुळगुळीत. पण स्वभावाने तो यांच्यात सगळ्यांत दणकट. अट एकच, तो मोठा होतो. समुद्रात अर्ध्या मीटरच्या पुढे जातो आणि टाकीतही वर्षाला काही सेंटिमीटर सहज वाढतो. तुमच्या टाकीत काही वर्षं मजेत राहील, पुढे मोठी टाकी लागेल. हे आत्ताच धरून चाला. दोन इंची पिल्लू मात्र नकोच, तीन-चार इंचांचा बघा. लहान शिंपल्याला गाळून खाण्यावर जास्त जगावं लागतं आणि त्याच्या अंगात साठा कमी असतो. दोन वाईट दिवसही त्याला झेपत नाहीत.

तुमच्या शून्य नायट्रेटबद्दल. शिंपल्याची जी रंगीत पाळ बाहेर पसरते, ज्याला मॅन्टल म्हणतात, तिच्यात बारीक नळ्यांचं जाळं असतं आणि त्यात सूक्ष्म शैवाल राहतं. शैवाल उजेडावर साखर बनवतं, शिंपला ती खातो, आणि शैवालाला लागणारं नायट्रोजन-फॉस्फरस पाण्यातून ओढून पुरवतो. पाण्यात हे दोन्ही अगदीच नसले तर हे शैवाल उपाशी राहतं. नायट्रेट ५ पीपीएमच्या आसपास आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.०८ असेल तर शिंपला टवटवीत राहतो. मासे रोज पोटभर खातील एवढं घाला, नायट्रेट आपोआप वर येईल. त्यासाठी बाटलीतली औषधं ओतायची गरज नाही. आणि टाकीला वर्ष होऊ द्या. पाच महिन्यांच्या टाकीत शैवालाचे लोट अजून येत-जात असतात, अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेट क्षारांचं प्रमाण) स्थिर झालेली नसते.

आता आपलं सोलापूरचं पाणी. नळाला पाणी येतं ते कित्येक दिवसांच्या अंतराने, आणि मधल्या दिवसांत बोअर. आपल्या काळ्या खडकातल्या बोअरचं पाणी किती जड असतं ते बादलीवरच्या पांढऱ्या थरावरून कळतं. यातलं कोणतंही पाणी थेट टाकीत जाता कामा नये. आरओ आणि त्यापुढे उरलेसुरले क्षार काढणारं डीआय रेझिनचं भांडं हवंच, बाहेर पडणाऱ्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) शून्य यायला हवा. स्वयंपाकघरातल्या आरओवर भागवू नका, याला दोन कारणं आहेत. एक, त्यात चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळण्याची सोय असते. दुसरं जास्त घातक: हल्ली बऱ्याच घरगुती मशीनमध्ये तांब्याचं कार्ट्रिज बसवलेलं असतं. माणसाला ते चालतं, पण शिंपल्याला, कोळंबीला तांबं म्हणजे विष, अगदी थोडं असलं तरी. तांब्याच्या कळशीत भरलेलं पाणीही नको. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर तांब्याचं औषध द्यायची वेळ आली तर मासा वेगळ्या टाकीत काढून द्या. मुख्य टाकीत त्याचा थेंबही नको. नळ आला त्या दिवशी आरओ चालू करून फूड-ग्रेड ड्रम भरून ठेवायची सवय लावा, आठवड्याचं पाणी कायम हाताशी राहतं.

हे पाणी लागतं ते भर टाकायला. एप्रिल-मेमध्ये आपली हवा एवढी कोरडी असते की उघड्या टाकीतून पाणी उडतच राहतं, पंखा लावला की आणखी. उडतं फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. तुमच्या ३०० लिटरमधून रोज सहा लिटर उडालं आणि तीन दिवस भर टाकली नाही, तर ३५ पीपीटीचा खारटपणा ३७ च्या वर जातो. मग रविवारी आठवण होते, अठरा लिटर गोडं पाणी एकदम ओतलं जातं आणि तो धाडकन खाली येतो. मासे हे सोसतात. शिंपल्याला जागा सोडून पळता येत नाही, तो मिटून बसतो आणि आतल्या आत झिजतो. उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र, ऑटो टॉप-अप, घ्या. नवा दिवा घ्यायच्या आधी हे घ्या, इतकं मी ठामपणे सांगेन. भर नेहमी गोड्या पाण्याचीच, मिठाचं पाणी फक्त पाणी बदलताना.

तापमान २५ ते २७ अंश उत्तम. २८ चालतं. ३० च्या वर दिवसच्या दिवस राहिलं की मॅन्टलमधलं शैवाल बाहेर पडायला लागतं आणि मधला भाग पांढरट दिसतो. आपल्याकडे बाहेर ४२-४३ असताना स्लॅबखालच्या खोलीत टाकी असेल तर रात्री बारालाही पाणी तापलेलं असतं. टाकी तळमजल्यावर, पश्चिमेचं ऊन न येणाऱ्या भिंतीला ठेवा. पाण्याच्या पृष्ठभागावर वारा देणारे पंखे आपल्या कोरड्या हवेत फार छान काम करतात, दोन-तीन अंश सहज उतरवतात. हा फायदा मुंबईकरांना मिळत नाही. पण जून उजाडला, हवेत दमटपणा आला की तोच पंखा निम्म्यावर येतो. म्हणून क्लॅम ठेवायचा तर चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) घ्याच, आणि तो टाकीखालच्या कपाटात कोंडू नका. त्याची गरम हवा खोलीतच फिरत राहिली तर तो दिवसभर स्वतःशीच झगडतो. पाइप लांबवून चिलर बाल्कनीत किंवा जिन्यात सावलीला ठेवा. आणखी एक, रात्री २५ आणि दिवसा २९ असा झोका बसण्यापेक्षा सतत २७ राहिलेलं बरं. डिसेंबरच्या रात्रींसाठी हीटरही लागतो, आपल्याकडे पारा १५-१६ वर उतरतो.

लाइट गेली तर आधी पाणी हलतं ठेवा, थंड करण्याचं नंतर. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, त्यामुळे मे महिन्यातलं लोडशेडिंग जास्त धोक्याचं. वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलवणारा पंप) आणि पंखा इन्व्हर्टरवर घ्या. दिवा काही तास बंद राहिला तर शिंपल्याचं काही बिघडत नाही.

कवच वाढवायला शिंपला पाण्यातून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी ओढतो. अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच (तिचं एकक), कॅल्शियम ४०० ते ४४० पीपीएम, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास ठेवा. आठवड्यातून एकदा तपासा आणि लिहून ठेवा, म्हणजे रोज किती खर्च होतोय ते कळेल. कमी पडलेलं भरून काढायला चुन्याची निवळी स्वस्त आणि चांगली, पण पानाचा चुना वापरू नका, शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडच आणा. आपल्याकडे एक वेगळी खबरदारी लागते. लोक ही निवळी टॉप-अपच्या पाण्यातूनच सोडतात. उन्हाळ्यात आपली भरच एवढी मोठी असते की पूर्ण ताकदीची निवळी त्या हिशेबाने गेली तर पीएच चढत जातो. एप्रिल-मेमध्ये निवळी पातळ करा किंवा वेगळ्या डोसिंग पंपाने रात्री थेंबथेंब सोडा, रात्री पीएच तसाही उतरलेला असतो.

दिव्याचं थोडक्यात. डेरासाला साधारण १५० ते २५० पार (शैवालाला वापरता येणाऱ्या उजेडाचं माप) पुरतो, मॅक्सिमा आणि क्रोशिया या दुसऱ्या जातीला त्याहून बराच जास्त लागतो. चांगला रीफ एलईडी असेल तर तुमच्या टाकीच्या वाळूवरही एवढा उजेड मिळायला हरकत नाही. शक्य असेल तर कुणाकडून पार मीटर आणून एकदा मोजा, मोबाईलच्या ॲपवर विसंबू नका. नवा शिंपला आल्यावर दिवा निम्म्या ताकदीवर आणा आणि दोन-तीन आठवड्यांत चढवत न्या. कमी उजेडातून आलेला शिंपला एकदम प्रखर दिव्याखाली ठेवला तरी पांढरा पडतो.

आणायचा तो दिवाळीनंतर, थंडीत. मुंबईहून सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्रीत थर्माकोलच्या डब्यात आलेला शिंपला सकाळी ताजातवाना असतो. मे महिन्यात दुपारच्या बसच्या डिकीतून आलेला वाचवणं फार अवघड. घेण्याआधी विक्रेत्याकडून व्हिडिओ मागवा आणि त्यात शिंपल्यावरून हात फिरवायला सांगा. मॅन्टलच्या कडेला शेकडो बारीक डोळे असतात, सावली पडताच त्याने अंग आखडून घ्यायला हवं. नाही आखडलं तर तो घेऊ नका. मॅन्टल कवचाच्या कडेवरून बाहेर ओसंडलेलं असावं, रंग मध्यापर्यंत भरलेला असावा. खालून बघायला सांगा: बिजागरीजवळच्या फटीतून पाय आणि बिसस, म्हणजे शिंपला ज्यांनी दगडाला धरतो ते चिवट धागे, निघतात, तिथलं मांस फाटलेलं, लोंबणारं दिसलं तर पैसे वाचवा.

घरी आल्यावर दिवा मंद ठेवून पिशवी अर्धा तास टाकीत तरंगू द्या, मग तासभर थेंबथेंब पाणी मिसळा. उचलताना कवचाला धरा, मॅन्टलला बोट लावू नका, आणि जेवढं जमेल तेवढं पाण्याखालीच हाताळा. आत हवा अडकली असं वाटलं तर पाण्याखाली हळूच तिरका करा, बुडबुडे निघून जातात.

आता जागा. मॅक्सिमा आणि क्रोशिया दगडावर राहणारे, क्रोशिया तर दगड कोरून आत बसतो. डेरासा वाळूवरचा, त्यामुळे तुमचा प्रश्न सोपा झाला. पण नुसत्या वाळूवर ठेवू नका. सिरॅमिक रॉकची तळहाताएवढी चपटी चकती घ्या, वाळूत अशी दाबा की वर पातळ थर राहील, आणि त्यावर शिंपला उभा ठेवा. तोंड वर, बिससची फट खाली चकतीवर. तो धागे सोडून चकतीला धरतो. पुढे जागा बदलायची वेळ आली तर चकतीसकट उचलता येतो, धाग्यांना धक्का लागत नाही. खाली पोखरणारे किडेही चकतीमुळे थोडे लांब राहतात. बाजूने दोन लहान दगड टेकवा, पण इतके घट्ट नकोत की कवच उघडायला अडथळा होईल. दगडांच्या खाचेत शिंपला कोंबून बसवतात ते फार वाईट. तो पुरता उघडत नाही, आणि वाढला की अडकतो.

मध्यभागी, दिव्याच्या सरळ खाली, समोरच्या काचेपासून वीतभर आत, अशी जागा निवडा. वेव्हमेकरचा झोत थेट त्याच्यावर नको. मॅन्टलची कड हलकी लहरताना दिसली की प्रवाह योग्य. एका बाजूने कड दुमडून आत वळत असेल तर जास्त. डंख करणाऱ्या प्रवाळांपासून वीतभर अंतर ठेवा. पुढे क्लाऊनसाठी ॲनिमोन आणायचा विचार असेल तर तो सोडून द्या, कारण ॲनिमोन फिरतो आणि शिंपल्याला हलता येत नाही. टाकी दाराजवळ असेल आणि दिवसभर माणसांची सावली पडत असेल तर तो सारखा मिटतो आणि त्याला पुरेसा उजेड मिळत नाही, तेही बघा.

पहिल्या रात्री तो थोडा सरकेल, फिरेल. आडवा पडला तर उभा करा, मॅन्टल खाली करून पालथा पडला तर लगेच, तसा रात्रभर राहिला तर गुदमरतो. पण उभा असेल आणि फक्त तोंड जरा वळलेलं असेल तर हात घालू नका. दोन दिवसांनी कवचाला बोटाने अगदी हलकं ढकलून बघा. पक्का लागला असेल तर विषय संपला. तुम्हाला आवडली नसली तरी तीच त्याची जागा. हिसका देऊन कधीही उपटू नका. बिससची गाठ आतून फाटली की शिंपला सहसा वाचत नाही. हलवणं टळणारच नसेल तर धारदार ब्लेडने धागे दगडालगत कापा, शिंपल्याच्या बाजूने नाही.

तब्येत कळते ती कवचाच्या कडेवर. माझ्या डेराशाची कड मी दर महिन्याला टॉर्च लावून बघतो. जुनं कवच मळकट, त्यावर जांभळट शैवालाचे डाग, आणि अगदी वरच्या काठाला दोऱ्याएवढी स्वच्छ पांढरी रेघ. ती रेघ म्हणजे नवी वाढ. ती रुंद होत असेल तर पाणी, उजेड, कॅल्शियम सगळं जागेवर आहे. ती दिसेनाशी झाली तर मॅन्टल अजून छान दिसत असलं तरी अल्कलिनिटी तपासायला घ्या.

खायला वेगळं काही घालू नका. तीन-चार इंचांच्या शिंपल्याला उजेड आणि माशांच्या विष्ठेतून मिळणारं पुरतं. पिपेटने त्याच्या तोंडात खाणं सोडायचा खटाटोप तर मुळीच नको, तो दचकून मिटतो आणि खाणं वाळूत कुजतं.

पाणी ओढणारं तोंड ताणून मोठं उघडं राहिलं आणि सावलीलाही मिटलं नाही, तर प्रकरण गंभीर आहे. त्याच वेळी तापमान, खारटपणा, अल्कलिनिटी, अमोनिया याच क्रमाने तपासा. सगळं ठीक आलं तर रात्री दिवे गेल्यावर टॉर्चने कवचाचा तळ आणि कड बघा. तांदळाच्या कणीएवढ्या पांढऱ्या गोगलगायी दिसतील, त्यांना पिरामिडेलिड म्हणतात. त्या सोंड खुपसून शिंपल्याचा रस पितात. शिंपला टाकीच्याच पाण्याच्या टबात काढून मऊ टूथब्रशने कवच घासा, जेलीसारखी अंडीही पुसून काढा, आणि काही आठवडे हे परत परत करा. सिक्स-लाइन रास नावाचा मासा या गोगलगायी खातो. शिंपला मेलाच तर त्याच तासाला बाहेर काढा, एवढं मांस कुजलं की अमोनियाने बाकीची टाकीही जाते.

राहिला तुमचा फ्लेम एंजल. काही एंजल शिंपल्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, काही पहिल्या दिवसापासून मॅन्टलला टोचायला लागतात. टोचलं की शिंपला मिटतो, मिटला की उजेड मिळत नाही, आणि दोन-तीन आठवड्यांत तो खंगतो. तुमचा कोणत्या जातीचा निघेल हे आधी कळत नाही. दिवाळीपर्यंत वेळ आहे, तेवढ्यात त्याला दुसरं चांगलं घर मिळत असेल तर बघा. एंजल ठेवायचाच असेल, तर या टाकीत क्लॅम आणू नका.